काटा उतरला, गॅस नाही

डिसेंबरातली सकाळ. खानापूरकडची थंडी, वीज उपकेंद्राच्या यार्डातली खडी दवाने भिजलेली. नुकताच कामावर लागलेला बैलहोंगलचा पोरगा धावत आला, "सर, गॅस कडमी आगेदरी!" म्हणजे गॅस कमी झालाय. 110 केव्ही (किलोव्होल्ट) ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच; आत ठिणगी अडवायला सल्फर हेक्झाफ्लोराइड गॅस दाबून भरलेला. त्यावरच्या दाबाच्या साध्या गेजचा काटा 5.8 बारवर होता. 20 अंशाला 6 बार असायला हवा. सिलिंडर आणायला तो निघालाही होता.

मी त्याला आधी थर्मामीटर दाखवला, 12 अंश. मग शेजारचा डेन्सिटी मॉनिटर, तापमानाचा परिणाम वगळून गॅसची दाटी दाखवणारा; त्याचा काटा हिरव्यातच. थंडीने दाब उतरला होता, पण आतला एक रेणूही बाहेर गेला नव्हता.

ठिणगी अडते ती रेणूंच्या दाटीमुळे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात कुणी पळून दाखवावं! दोन पावलांत धक्का लागतो. इलेक्ट्रॉनचंही तसंच. पळायला मोकळी जागा मिळाली, तर तो वेग घेतो, रेणूला धडकून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो आणि बघता बघता ठिणगी पडते. दाटीत त्याचा वेगच साधत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाशेन यांनी 1889 साली मांडलेला दाब आणि अंतर यांच्या गुणाकाराचा नियम खरा या दाटीचाच. सल्फर हेक्झाफ्लोराइड तर याहून पुढे जातो, सुटा इलेक्ट्रॉन धरूनच ठेवतो. साध्या हवेत एक सेंटीमीटरला साधारण 30 केव्ही टिकतात, तेवढ्याच दाबाच्या या गॅसमध्ये जवळजवळ तिप्पट. दाब वाढवला की आणखी. पण आत धातूचा एखादा कण किंवा खरखरीत कड राहिली, तर तो फायदा बराचसा जातो. म्हणून जोडणीच्या वेळी मी स्वच्छतेवर इतका अडून बसतो.

"पण थोडा भरला तर काय बिघडतं?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. नळी लावली की ओलावा आत जायची भीती, थोडा गॅस बाहेर जाणारच. आणि हवेत गेलेला एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात 23 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. खरी गळती असेल, तर ती अशा भरण्याने झाकली जाते, हे मला सगळ्यात घातक वाटतं.

दुपारी दोनला त्याला परत यार्डात नेलं. 29 अंश, काटा 6.2. बराच वेळ तो गेजकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी रजिस्टर उघडलं, तर दाबाच्या रकान्याशेजारी त्याने पट्टी धरून तापमानाचा नवा रकाना आखला होता.