आमची वाटचाल : "बॉम्बवाल्यांचं" गोडाऊन

खताचा धंदा म्हणजे गोण्या आणायच्या आणि विकायच्या असं ज्यांना वाटतं त्यांनी एक पावसाळा गोडाऊन सांभाळून बघावं. आम्ही युरिया-डीएपीवर सुरू केलं, पुढे ड्रिप वाढलं तशी विद्राव्य खतं आली, कॅल्शियम नायट्रेट, 13-0-45 (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), ड्रिप धुवायची ऍसिडं. पहिल्यापासून सोबत आमचे मुकादम. कागदावर भागीदार नाहीत, पण त्यांच्या शब्दाशिवाय थप्पी हलत नाही. गोडाऊनात हूक बंद केला तो त्यांनीच. हमाल चिडले, म्हणाले हूकशिवाय गोणी ओढायची कशी, तर मुकादमांनी त्यांना कॅल्शियम नायट्रेटची एक गोणी दाखवली, हूकचं एवढंसं भोक आणि तेवढ्यातून हवा लागून आतला माल चिकचिकीत झालेला. त्यानंतर कुणी हूक मागितला नाही.

मग आर्द्रता मीटर आणला. लोक हसायचे, खताच्या दुकानात हे काय खेळणं म्हणून. पण 30 अंशाला हवेतली आर्द्रता 73 टक्क्यांच्या आसपास गेली की युरिया ओलावा ओढायला लागतो, अमोनियम नायट्रेट 59 ला, आणि दोघं एकमेकांत मिसळले तर 18 लाच, म्हणजे जवळपास कुठल्याही हवेत. त्यामुळे आमच्याकडे युरियाच्या आणि अमोनियम नायट्रेट असलेल्या खताच्या थप्प्या वेगळ्या, झाडू वेगळे, सांडलेलं भरायची प्लास्टिकची फावडीसुद्धा वेगळी. लाकडाचा भुसा गोडाऊनात आणायचाच नाही. नायट्रेट सांडलं की भुसा टाकून झाडतात काही जण, म्हणजे जळणाऱ्या वस्तूला आपल्या हातानं ऑक्सिजन पुरवायचा.

मधली वर्षं बरी गेली, सोडून देतो.

4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात 2,750 टन अमोनियम नायट्रेट उडालं आणि तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला. आमच्या धंद्यातल्या एका गृहस्थानं (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) पसरवलं की तेच आमच्या गोडाऊनात आहे. आमच्याकडे होतं कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, ज्यात चुनखडी मिसळलेली असते, शुद्ध माल आम्ही कधी ठेवलाच नाही, पण ऐकतो कोण! शेजारी घाबरले, जागामालक म्हणाला खाली करा, बँकेनं कॅश क्रेडिट अडवलं, आणि ज्या कंपनीचा माल आम्ही इतकी वर्षं उचलला तिचा माणूस फोन उचलेना. ऐन सीझनला शटर अर्धं खाली. पगार कसे केले ते माझं मला माहीत.

आणि ज्यानं हे पसरवलं त्याच्याकडे काय, तर 13-0-45 च्या थप्पीला लागूनच 80 टक्के गंधकाच्या पिशव्या, बाजूला डिझेलचा कॅन, वर उघडा हॅलोजन. अहो पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोराच की, सोरा आणि गंधक शेजारी ठेवू नये हे फटाकेवाल्याचं पोरगंही सांगेल. आम्ही गंधक पार दुसऱ्या खोलीत ठेवतो, तर बॉम्बवाले आम्ही!

उभे राहिले ते आमचे ड्रिपवाले काका. नायट्रिक ऍसिडचा रिकामा कॅन धुऊन परत आणणारं हे एकच गिऱ्हाईक, आणि ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडात नाही, हे नव्या पोरांना काउंटरवर ते स्वतः सांगतात. शेजाऱ्यांची बैठक बसली तेव्हा काका म्हणाले, आधी यांचं गोडाऊन बघू, मग लगेच त्यांचंही बघू, चला. आमचं सगळ्यांनी बघितलं, भिंतीपासून सोडलेली मोकळी जागा, एलईडी दिवे, डोळे धुवायचा नळ, दारावर कुठं काय ठेवलंय त्याचा नकाशा. दुसरीकडे निघालो तर त्यांना अचानक बाहेरगावचं काम निघालं. जागामालक तिथंच गप्प झाला. बँकेला मात्र पुढे कितीतरी महिने लागले, कंपनी तर परत आलीच नाही, आता आम्हीही बोलवत नाही.

नवीन दुकान टाकणाऱ्यांनी विचारलं नाही तरी सांगतो. नायट्रेटला आग लागली तर वाळू, फोम, ताडपत्री काही कामाचं नाही, ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, सुरुवातीलाच भरपूर पाणी लागतं, आणि आग हाताबाहेर जातेय असं दिसलं की विझवत बसायचं नाही, माणसं लांब न्यायची. 2013 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या वेस्ट गावात खताचं गोडाऊन उडालं, 15 माणसं गेली, त्यातले बरेचसे आग विझवायला धावलेले. तिथं माल लाकडी खणांत होता. म्हणून नायट्रेटखालचे लाकडी पॅलेट आम्ही काढून टाकले, प्लास्टिकचेही नकोत, तेही जळतातच. थप्पी कोरड्या सिमेंटच्या ओट्यावर.

ते गृहस्थ हल्ली थप्पी लावायला आमच्याच हमालांना बोलावतात. मुकादमांनी हमालांना बजावून ठेवलंय, गंधक आधी बाहेर काढायला लावा आणि मजुरी रोख घ्या.