ॲटनबरो : एका दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं गाव आणि नकाशा

रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२चा ‘गांधी’ आणि त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड यांचे निसर्गपट यांमुळे हे आडनाव मराठी घरांत चांगलंच ओळखीचं आहे. इंग्लंडमध्ये मात्र स्मिथ किंवा टेलर जसे गल्लोगल्ली भेटतात, तसे ॲटनबरो भेटत नाहीत. जे भेटतात त्यांच्यापैकी पुष्कळांची मुळं नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या लागून असलेल्या दोन परगण्यांत निघतात. दुर्मिळ आडनावाचा हाच मोठा फायदा. माणसं थोडी, म्हणून एकेकाला नकाशावर ठेवता येतं. पण तो नकाशा वाचायचा कसा हे आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर तो चुकीच्या गावी नेऊन सोडतो.

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, बीस्टनच्या पुढे, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. नॉटिंगहॅम-डर्बी मार्गावरच्या थांबणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. नदीकाठची खडी उपसून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली. त्या तळ्यांचं निसर्ग-राखीव क्षेत्र झालं आणि १९६६ साली त्याचं उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनीच केलं. आडनाव या गावावरून पडलं असं मानायला चांगला आधार आहे, आणि मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. आपली ‘कर’ लागणारी आडनावं तशीच झाली. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच गावाचं नाव माणसाला चिकटतं. गावात सगळेच गावचे, तिथे त्या नावानं कुणाची ओळख पटणार?

याचा पुरावा त्या गावच्या चर्चमध्येच आहे. सेंट मेरी चर्चमध्ये १६११ साली बाप्तिस्मा झालेला तिथला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे हेन्री आयर्टन, यादवी युद्धातला संसदेच्या बाजूचा सेनापती आणि ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई. आयर्टन हे नाव डर्बीशरमधल्या आयर्टन या ठिकाणावरून आलेलं. म्हणजे ॲटनबरो गावात आयर्टन राहत होते आणि ॲटनबरो आसपासच्या गावांत. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्डला झाला. हे ठिकाण ॲटनबरोपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. आडनावं रुजून पाच-सहाशे वर्षं लोटली तरी घराणं एका सकाळच्या चालीपेक्षा लांब गेलेलं नव्हतं.

व्युत्पत्तीबद्दल मात्र दोन मतं आहेत. एक मत असं की आडनाव गावावरून आलं, आणि गावाचं नाव आडा किंवा तशाच नावाच्या कुणा माणसाच्या तटबंदीवरून पडलं. १२व्या शतकातल्या कागदांत ते ‘ट’ऐवजी ‘ड’ घालून लिहिलेलं दिसतं. दुसरं मत असं की आडनावाचा गावाशी संबंधच नाही. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘त्याच्यापाशी’. तेव्हा बरोपाशी, म्हणजे गढीपाशी राहणारा तो ॲटनबरो. नॅश हे आडनाव असंच झालं : ‘ॲटन ॲश’, ॲशच्या झाडापाशी राहणारा, आणि ‘न’ सरकून पुढच्या शब्दाला चिकटला. इथे जुन्या इंग्रजीतलं लिंग कामाला येतं, आणि मराठीत वाढलेल्या माणसाला ते चटकन उमगतं. गढीला जो शब्द होता, बुर्ह, तो स्त्रीलिंगी. त्याला ‘ॲटन’ लागत नाही, ‘ॲटर’ लागतं. ॲटरबरी हे आडनाव त्यातूनच आलं. ‘ॲटन’ पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी शब्दाला शोभतं, जसं ‘बॅरो’ला, म्हणजे राईला किंवा टेकाडाला. त्यामुळे ॲटनबॅरो किंवा ॲटनबरो असं, पण शेवटी ‘ओयूजीएच’ऐवजी ‘ओडब्ल्यू’ असलेलं स्पेलिंग एखाद्या दूरच्या परगण्यात सुटं सापडलं तर त्याचा उगम वेगळा असू शकतो. पण ट्रेंटच्या आसपास सापडलेल्या घराण्याचा उगम गावातच शोधावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता नकाशा. सुरुवात १८८१च्या जनगणनेपासून करावी. ती स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. प्रत्येक माणसासाठी तक्त्यात एक ओळ करा : नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, विवाहित की अविवाहित, राहण्याचं ठिकाण, जन्माचं ठिकाण. लग्न होऊन आलेल्या बायका जन्मस्थानाच्या मोजणीतून काढून टाका. त्यांचं जन्मगाव दुसऱ्याच आडनावाचं असतं. मग साठ वर्षांवरची माणसं वेगळी करा आणि त्यांची फक्त जन्मगावं नकाशावर मांडा. ही मंडळी साधारण १८२१च्या आधी जन्मलेली, म्हणजे रेल्वे येण्याच्या आधीची. एकाच जनगणनेतून साठ वर्षं जुना नकाशा हाती येतो, आणि उगम शोधायला १८८१च्या राहत्या पत्त्यांपेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो.

पत्ते मांडताना दोन मोजमापं शेजारी शेजारी ठेवा : प्रत्यक्ष डोकी, आणि लोकसंख्येत दर लाखामागे किती. नुसती डोकी मोजली तर लंडन नेहमीच गडद दिसतं, कारण तिथे सगळंच जास्त. नुसता दर घेतला तर तीनशे वस्तीच्या खेड्यातलं सहा जणांचं एक कुटुंब लाखामागे दोन हजार होऊन बसतं आणि तेच मूळगाव आहे असं वाटायला लागतं. दोन्हींत गडद दिसेल ती जागा खरी. लंडनचा ठिपका त्यानंतर स्वतंत्रपणे समजून घ्यावा. व्हिक्टोरियन काळात फ्लीट स्ट्रीटवर ॲटनबरो नावाचे तारणावर पैसे देणारे जवाहिरे होते. असा ठिपका धंद्यानं पडतो, त्यावरून उगम ठरवू नये.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे नोंदणी जिल्हा. जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून सुरू झाली, आणि तिचे जिल्हे परगण्यांच्या हद्दी पाळत नाहीत. स्टेपलफर्ड आहे नॉटिंगहॅमशरमध्ये, पण त्याची नोंद शार्डलो जिल्ह्यात व्हायची, आणि शार्डलो आहे डर्बीशरमध्ये. नोंदणी जिल्ह्यांवरून काढलेल्या तयार नकाशात म्हणूनच ॲटनबरो मंडळी डर्बीशरमध्ये सरकलेली दिसतात. नकाशा पॅरिशवरूनच, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीवरूनच काढा. शिवाय सुरुवातीच्या दशकांत जन्म न नोंदवल्याबद्दल पालकांवर खरा बडगा नव्हता, तो १८७५पासून आला. त्याआधीचा एखादा जन्म सापडला नाही तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत पाहावं.

माणसं एवढी जागच्या जागी का राहिली, याला कारणं आहेत. १६६२च्या कायद्यानं गरिबाचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर टाकला, आणि परक्या पॅरिशला माणूस भार होईल असं वाटलं की त्याला परत पाठवता यायचं. या चौकशांचे कागद, म्हणजे वस्तीच्या हक्काचे जबाब, सापडले तर सोनंच : माणूस कुठे जन्मला, कुठे किती वर्षं चाकरीला होता, सगळं त्यात येतं. पुढे बीस्टन, स्टेपलफर्ड, लाँग ईटन या पट्ट्यात लेसचे कारखाने आले आणि एरवॉश खोऱ्यात कोळशाच्या खाणी. पोट भरायला लांब जायची गरजच उरली नाही.

एरवॉश ही छोटी नदी दोन परगण्यांची हद्द आहे आणि ॲटनबरोजवळच ट्रेंटला मिळते. ती ओलांडली की कागद वेगळ्या शहरात जातात. १८५८च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध व्हायची. नॉटिंगहॅमशर १८३७पर्यंत यॉर्कच्या धर्मप्रांतात होतं, त्यामुळे तिथली पुष्कळ मृत्युपत्रं यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. डर्बीशर लिचफील्डच्या धर्मप्रांतात, म्हणून तिथल्या माणसाचं मृत्युपत्र स्टॅफर्डशरच्या दप्तरात. मोठ्या मालमत्तेची कँटरबरीच्या न्यायालयात गेलेली मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. दोन भाऊ हाकेच्या अंतरावर राहत असतील, तरी एकाचं मृत्युपत्र यॉर्कला आणि दुसऱ्याचं लिचफील्डच्या कागदांत निघू शकतं.

जनगणनेचं एखादं पान मोठं करून नीट पाहा. लिहिणाऱ्यानं दोन ‘टी’ लागोपाठ काढून वर एकच आडवी रेघ मारलेली असते. ती फिकट झाली की दोन ‘टी’ दोन ‘एल’सारखे दिसतात आणि सूचीत ॲलनबरो येतं. ‘एन’ आणि ‘यू’ हाताच्या लिखाणात सारखेच, शेवटचं ‘ओयूजीएच’ कधी ‘ओडब्ल्यू’. वयाच्या आकड्यांवर लंडनच्या कारकुनांनी मोजताना मारलेल्या तिरक्या रेघा असतात. त्यातून तीनचा आठ वाचला जातो. साउंडेक्स, म्हणजे उच्चारावरून नावाला अक्षर-आकड्यांचा संकेत देण्याच्या पद्धतीनं शोधलं तर ॲटनबरोचा संकेत ए-३५१ येतो. ‘टी’ आणि ‘डी’ दोघांनाही तीनच आकडा असल्यानं ‘ड’वालं जुनं स्पेलिंगही हाती लागतं. पण साउंडेक्स पहिलं अक्षर कधीच बदलत नाही. त्यामुळे ‘एच’ लावून लिहिलेलं हॅटनबरो किंवा ‘ई’नं सुरू होणारं ईडनबरो त्यातून निसटतं. त्यांचा शोध वेगळा घ्यावाच लागतो. आडनाव कोरं सोडून, नुसतं पॅरिश, पहिलं नाव आणि वय टाकून शोधणं ही शेवटची आणि बहुतेक वेळा यशस्वी होणारी युक्ती.

चर्चच्या वह्या १५३८पासूनच्या असू शकतात. त्या वाचताना वर्षाकडे लक्ष द्या. १७५२च्या आधी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एप्रिल १७००मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७००मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा दिसला तर मूल लग्नाच्या दोन महिने आधीचं नव्हे, दहा महिन्यांनंतरचं असतं. तारीख दोन्ही वर्षं घालून, १७००/०१ अशी लिहून ठेवावी.

आता गुणसूत्रांकडे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकी ते लावणारी माणसं एकाच पूर्वजाची असण्याची शक्यता जास्त, असं दिसलं. ॲटनबरो त्या ४० आडनावांत होतं, आणि ते लावणाऱ्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकच किंवा जवळपास सारखं निघालं. हा आकडा किती मोठा आहे ते साध्या गुणाकारानं कळतं. ७०० वर्षं म्हणजे सुमारे २३ पिढ्या. दत्तक, आईचं आडनाव लावणं, विवाहबाह्य संतती असं सगळं धरून दर पिढीत फक्त दोन टक्के वेळा धागा तुटतो असं मानलं, तरी शेवटपर्यंत अखंड राहणारे ६३ टक्केच उरतात.

योगायोग असा की ज्या लेस्टरमध्ये हे काम झालं, तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य १९३२ ते १९५१ फ्रेडरिक ॲटनबरोच होते. रिचर्ड आणि डेव्हिड त्याच आवारात वाढले, आणि विद्यापीठाची १८ मजली इमारत आजही ॲटनबरो टॉवर म्हणून ओळखली जाते.

पण एकच पूर्वज निघाला म्हणजे सुरुवातीला एकच ॲटनबरो होता, असं होत नाही. १३४८-४९च्या प्लेगनं इंग्लंडची तिसरा हिस्सा तरी माणसं नेली. त्यानंतरही दर पिढीत कुणाला फक्त मुली, कुणाला मूलच नाही. सुरुवातीला दहा असंबंधित माणसांना हे नाव मिळालं असेल आणि नऊंचे वंश संपले असतील. किंग आणि जॉबलिंग यांनीही हेच बजावून सांगितलं : आजच्या चित्रावरून ७०० वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांबद्दल फारसं खात्रीनं बोलता येत नाही. नकाशाचंही तेच. तो टिकून राहिलेल्यांची गावं दाखवतो. याच गटानं २००७ साली पूर्व यॉर्कशरचं एक दुर्मिळ आडनाव तपासलं. त्यातल्या १८ पुरुषांपैकी सात जणांकडे एरवी पश्चिम आफ्रिकेत सापडणारा प्रकार निघाला, आणि कागदोपत्री हे धागे १७८०च्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंतच पोचले. चाचणी करायचीच तर कागदावर जितक्या मागे फुटलेल्या मिळतील अशा दोन शाखांमधला एकेक पुरुष घ्या आणि वाय गुणसूत्रावरच्या किमान ३७ खुणांची चाचणी करा. सख्ख्या चुलतभावांची चाचणी आजोबांच्या पलीकडचं काहीच सांगत नाही.

महाराष्ट्रात बसून या कामाला हात लावता येईल अशी एक खरी जागा आहे. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-३ या मालिकेत आहेत (एन-१ बंगाल, एन-२ मद्रास). पुणे, खडकी किंवा अहमदनगरच्या छावणीतली बाप्तिस्म्याची नोंद सापडली तर त्यात बहुधा बापाचा हुद्दा आणि पलटण असते. पलटण राणीच्या सैन्यातली असेल तर क्यूला डब्ल्यूओ ९७ या मालिकेत पेन्शनीत निघालेल्या शिपायांचे कागद आहेत. त्या छापील फॉर्मवर पहिल्याच ओळींत रिकाम्या जागा सोडलेल्या असतात : जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहराजवळ, अमुक परगण्यात. त्या तीन जागांत कारकुनानं जे भरलं असेल, ते आपल्या तक्त्यात जन्माच्या ठिकाणाच्या रकान्यात उतरवून घ्यायचं.