घुमणारी गिटार आणि कुलूपबंद इक्वलायझर

गेल्या गणेशोत्सवात इंदूरमधील एका सभागृहात भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ करताना दुसऱ्याच गाण्याच्या अंतऱ्यात मी पाचवी तार मोकळी छेडली आणि तिचा आवाज थांबेचना. तळहाताने सगळ्या तारा दाबून धरल्या, तरी गिटारीच्या पोटातून येणारा हुंकार वाढतच गेला. संवादिनीवाल्या काकांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि गायिकेला ओळ अर्ध्यावर सोडावी लागली. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी घाईने माझ्या चॅनेलचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, पार खाली ओढला, त्यामुळे श्रोत्यांना गिटार ऐकू येईनाशी झाली, पण हुंकार तसाच चालू राहिला. शेवटी मी गिटारीवरचाच व्हॉल्यूम शून्यावर नेला, तेव्हा कुठे शांतता झाली.

कार्यक्रमानंतर त्या गृहस्थांनी ‘आपकी गिटार में ही दिक्कत है’ असा निकाल दिला. तेवढ्यावर भागले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. सभागृहाच्या नोंदवहीत ‘गिटारमुळे कार्यक्रमात व्यत्यय’ असा शेरा लिहिला गेला, आणि पुढच्या महिन्यातील कार्यक्रमासाठी गिटारला थेट लाइन (केबलने ध्वनियंत्रणेशी जोडणी) मिळणार नाही, समोर माइक ठेवून काय ते वाजवा, असे आमच्या मंडळाला कळवण्यात आले. साध्या माइकने फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा यंत्रणेत शिरून घुमत राहण्याचा, धोका उलट वाढतो, हे ऐकून घ्यायला तिथे कोणी तयार नव्हते.

गिटार निर्दोष आहे याची खात्री मी आधी करून घेतली. एका कारागिराने सॅडलखालचा (तारा जिथे टेकतात त्या पट्टीखालचा) पिकअप, म्हणजे कंपने टिपणारा भाग, नीट बसला आहे का ते तपासले, नवी केबल आणली, आणि कोजागरीला लोकमान्य नगरातील एका गच्चीवर तीच गिटार लहानशा स्पीकरवर दोन तास वाजवली. ती एकदाही घुमली नाही.

तेव्हा दोष कुठे होता, हे मला नीट उमगले. गिटारीची पेटी ही आतल्या हवेसह एक घुमणारी पोकळी आहे. मोठ्या अंगाच्या गिटारीत ही हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि समोरची लाकडी पाटी 200 च्या आसपास थरथरते. मोकळी पाचवी तार 110 हर्ट्झची, म्हणजे त्या पोकळीच्या अगदी शेजारची. सभागृहातील मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर, माझ्या पायांशी, तोंड थेट गिटारीच्या छिद्राकडे करून ठेवलेला होता. त्याचा आवाज पाटीला हलवी, पाटीचे कंपन पिकअप उचली आणि तेच मोठे होऊन पुन्हा मॉनिटरमधून बाहेर येई. मॉनिटरकडे जाणारा आवाज बहुतेक वेळा मिक्सरवर फेडरच्या आधीच वेगळा काढलेला असतो, म्हणूनच फेडर शून्यावर नेऊनही हे चक्र तुटले नव्हते. फेडरऐवजी मॉनिटरची कळ कमी केली असती, तर गायिकेला थांबावेच लागले नसते.

उपायही उघड होता. मॉनिटरसाठी असलेल्या एकतीस पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर (यात प्रत्येक पट्टी एका ठरावीक कंपनसंख्येचा आवाज कमी-जास्त करते) त्या दोन जागा खाली घ्यायच्या. पण तो इक्वलायझर लोखंडी कपाटात बंद होता आणि किल्ली व्यवस्थापकांकडे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बाहेरगावी होते. दुसऱ्यांदा भेटले, पण पट्ट्या बसवून घेतल्यापासून कोणी हलवलेल्या नाहीत आणि हलवायच्याही नाहीत, एवढेच त्यांनी सांगितले. कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटे द्या म्हटले, तर सभागृह पाचला ताब्यात मिळते, सहाला श्रोते येतात आणि मधल्या वेळात सजावट चालते. तिसऱ्या वेळी मी गिटार, ट्यूनर आणि आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचे पत्र घेऊनच गेलो. त्या दिवशी दुपारी तीनपासून पावणेपाचपर्यंत मी त्या कपाटासमोरच्या बाकावर बसून होतो. माझ्या रागाचे मूळ त्या दुपारीत आहे. दहा मिनिटांच्या कामासाठी एखाद्या कलाकाराला तीन फेऱ्या घालायला लावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

पावणेपाचला किल्ली आली. मी माझ्या नेहमीच्या जागी खुर्चीवर बसलो, तारांखाली रुमाल सरकवून त्या मुक्या केल्या आणि त्याच गृहस्थांना मॉनिटरचा आवाज सावकाश वाढवायला सांगितले. थोड्याच वेळात पेटीतून तो ओळखीचा हुंकार उमटला, इतका की पाटीवर ठेवलेल्या बोटांना तो जाणवत होता. ट्यूनरचा काटा जी शार्प आणि ए यांच्या मध्ये थांबला. 100 ची पट्टी सहा डेसिबलने खाली घेतली आणि हुंकार विरला. आवाज आणखी वाढवल्यावर 200 जवळ दुसरा, जरा खरखरीत आवाज उठला, तिथे चार डेसिबल पुरले. गायिकेच्या माइकने वर एक शिट्टी धरली, तीही बारीकशी कापली. मग सगळा आवाज थोडा मागे घेतला. तेवढी मोकळी जागा ठेवावीच लागते, कारण श्रोते भरल्यावर सभागृह वेगळे वागते. याला सात मिनिटे लागली. त्या गृहस्थांनी पट्ट्यांची स्थिती स्वतःहून कागदावर उतरवून घेतली, आणि त्यांच्याविषयीचा माझा राग तिथेच संपला.

छिद्रावर बसवायचे रबरी झाकण मी या सगळ्याच्या आधीच घ्यायला हवे होते. ते लावल्यावर 100 ची पट्टी निम्मी वर नेता आली, आणि सॅडलखालच्या पिकअपचा आवाज त्याने फारसा बदलत नाही. तुमच्या गिटारीच्या आत माइक असेल तर मात्र फरक पडतो, त्यामुळे आधी घरी ऐकून पाहा. पट्ट्या हव्या तितक्या कापत सुटू नका, पाच-सहा ठिकाणी कापले की गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागते.

प्रीअँपवरचे (गिटारीतल्या छोट्या ध्वनिवर्धकावरचे) फेजचे, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारे, बटण नक्की दाबून पाहा, पण घरी नव्हे, रंगमंचावर आपल्या जागेवर बसून. स्पीकर आणि गिटार यांच्यातील अंतरावर त्याचा परिणाम अवलंबून असतो, म्हणून एका सभागृहात उपयोगी पडलेली बाजू दुसरीकडे उलटी ठरू शकते. सहावी तार 82 हर्ट्झची असल्यामुळे 80 च्या खालचे सगळे लो-कटने, म्हणजे खालचे आवाज गाळणाऱ्या बटणाने, काढून टाकले तरी संगीताचे काही जात नाही. आवाजाचे चढउतार सपाट करणारा कंप्रेसर शक्यतो बंद ठेवा, कारण तो हळू आवाज वर उचलतो आणि फीडबॅकही त्याच्याबरोबर उठतो.

मॉनिटर शक्य तितका बाजूला वळवून घ्या. लाकडी पोकळ मंच असेल तर मॉनिटरखाली जाड रबर घाला. वापरात नसलेले माइक, विशेषतः निवेदकाचा, बंद ठेवायला सांगा, कारण चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वी मिळणारा आवाज साधारण तीन डेसिबलने घटतो. ही गोष्ट आम्ही कित्येक वर्षे दुर्लक्षित केली होती.

पुढच्या कार्यक्रमात गिटारला लाइन मिळाली. त्याच भावगीताच्या त्याच अंतऱ्यात मी पाचवी तार मोकळी छेडली, ती लांबवर वाजली आणि हाताने थांबवताच थांबली. नोंदवहीतला शेरा अजून खोडलेला नाही. तो खोडावा असे पत्र मी दिले आहे.