दुसऱ्याच्या नंबरावर

कराडला मी म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेचे वर्ग घेते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था ही परीक्षा घेते आणि आमच्याकडे तिला सगळे 'फाइव्ह-ए' म्हणतात. १०० प्रश्न, २ तास, ५० गुणांना पास, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्यामुळे नुसत्या पाठांतरावर निघून जाणारे पुष्कळ असतात, आणि मला खरी काळजी वाटते ती त्यांचीच. ती माणसं उद्या कोणाच्या तरी ग्रॅच्युइटीसमोर बसणार असतात.

गेल्या बॅचमध्ये विमा एजंट होते, टॅक्सची कामं करणारे दोघं होते, एका बँकेच्या शाखेतला नवा मुलगा होता आणि पोस्टाच्या आरडीच्या एजंट असलेल्या एक काकू होत्या. काकू मंडईतल्या भाजीवाल्यांकडून रोज थोडे थोडे पैसे गोळा करतात आणि पंधरा तारखेच्या आत पोस्टात भरतात. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारायच्या.

त्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं, कोणत्या गुंतवणूकदाराला कोणती योजना योग्य. पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून मी म्हटलं, "तुमच्या ओळखीतलं गिऱ्हाईक सांगा. नाव नको."

काकू उठल्या. "एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. सहा लाख आलेत. तुळशीचं लग्न झालं की मुलीचं लग्न काढायचंय. मला म्हणतात, काकू, तुमची ती परीक्षा झाली की चांगल्या फंडात टाका."

वर्गातून भराभर नावं यायला लागली. कोणी बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज म्हणालं, कोणी फ्लेक्सी कॅप, सगळे कमीअधिक शेअर बाजारात पैसे घालणारे फंड. बँकेतल्या मुलाने तर गेल्या तीन वर्षांचे परतावे तोंडपाठ सांगितले. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"आणि नेमका त्याच महिन्यात बाजार पडला तर? मांडववाल्याला काय, थांब म्हणू?"

मी फळ्यावर रिस्कोमीटर काढला. २०२१पासून त्याच्या सहा पायऱ्या आहेत, सगळ्यात खाली कमी जोखीम, सगळ्यात वर अति उच्च. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रात मिळत नाही. चित्र योजनेची जोखीम सांगतं. पैसे कधी आणि कशासाठी लागणार, हे माणसाला विचारावंच लागतं. ते न विचारता सुचवलेली योजना, कितीही नावाजलेली असली तरी, मी चुकीचीच मानते. काकूंना मी सांगितलं, या पैशाला शेअर बाजाराचं तोंड दाखवू नका. बँकेत ठेवा, फार तर लिक्विड फंड, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा.

चहाच्या सुट्टीत तो मुलगा माझ्यापाशी आला. चेहरा उतरलेला.

"मॅडम, असंच एक मी केलंय."

त्याच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी येतात. घराचं बांधकाम अर्धवट होतं, स्लॅबसाठी चार लाख ठेवले होते. महिनाअखेर होती, टार्गेट राहिलं होतं. त्याने ते पैसे स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात घातले.

"पण तुझी तर अजून परीक्षाच झाली नाही," मी म्हटलं. "फॉर्मवर ईयूआयएन कोणाचा?"

"सिनियरचा. आमच्याकडे सगळे तसंच करतात."

एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, अशा ठिकाणी तो बँकेचा किंवा कंपनीचा असतो. ईयूआयएन प्रत्यक्ष विकणाऱ्या माणसाचा, 'ई' आणि पुढे सहा आकडे. २०१३मध्ये तो आला तो याचसाठी, की विकणारा नोकरी सोडून गेला तरी सल्ला कोणी दिला होता ते फॉर्मवरून कळावं. इथे ज्याचा नंबर होता त्याने गुरुजींना पाहिलंही नव्हतं, आणि ज्याने सल्ला दिला त्याचा कागदावर मागमूस नव्हता. गुरुजींनी उद्या विचारलं असतं तर उत्तर द्यायला कोणीच नव्हतं.

त्याने विचारलं, "पेपर झाल्यावर बघू का?"

मी नाही म्हटलं. आधी गुरुजींचे पैसे, मग नंबराचं, मग पेपर. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर खातं उघडलं. चार लाखांचे तीन लाख बासष्ट हजार झाले होते, आणि वर्षाच्या आत काढायचे म्हणून वर १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दलची कपात. थांबलं तर भरून येईल, असं त्याला वाटत होतं. येईलही, पण स्लॅब पावसाच्या आत टाकायचा होता.

काकू मागेच उभ्या होत्या. "फोन लाव त्यांना. मी हाय हितं."

त्याने लावला. पलीकडून गुरुजी एवढंच म्हणाले, "अरे, पण पैसे बँकेतच आहेत ना?"

त्यांना एफडीसारखं काहीतरी आहे असं वाटत होतं. मुलाने त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. नंतरचा तास त्याने पाठीमागे बसून काढला आणि संध्याकाळी पैसे काढायचा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेला. तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात आली. स्लॅब टाकून झाला, फक्त वरच्या जिन्याचं काम राहिलं.

नंबराच्या बाबतीत मात्र शाखेत त्याला सांगण्यात आलं, मिटलंय ना, आता उकरू नकोस. मला हे मान्य नाही. जिन्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे कोणाला तरी विचारलं गेलंच पाहिजे. म्हणून मी गुरुजींना फंड कंपनीकडे लेखी तक्रार कशी करायची ते समजावलं, आणि तिथून समाधान झालं नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारींच्या पोर्टलवर कसं जायचं, तेही.

काकू आणि तो मुलगा, दोघंही पास झाले. तक्रार गुरुजींनी घातली आहे. सल्ला कोणी दिला, त्या ओळीत त्या मुलाचं नाव आहे. गुरुजी ते लिहायला तयार नव्हते. त्यानेच त्यांना लिहायला लावलं.