प्रीमियम कार्ड खाली उतरवताना

आज नौपाड्यातल्या एका काकांच्या प्रीमियम क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पाहिलं. वार्षिक फी १०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. खर्चावर १ टक्का परतावा धरला तरी ही फी वसूल व्हायला वर्षाला ११ लाख ८० हजार खर्च करायला हवेत! अशा कार्डावर मिळणाऱ्या विमानतळाच्या लाउंजमध्ये काका वर्षभरात एकदाही गेले नव्हते.

अशा वेळी कार्ड थेट बंद करण्याआधी डाउनग्रेड, म्हणजे त्याच बँकेचं कमी फीचं कार्ड, मागावं, जुनं खातं टिकण्याची शक्यता असते. विनंती फी लागण्याच्या महिनाभर आधी, ईमेलवर लेखी करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. त्याआधी खर्चावर जमलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. सगळे घोळ इथेच होतात, कारण नव्या कार्डाची पॉइंट योजना वेगळी असली की जुने पॉइंट बुडू शकतात. कार्ड नंबर बदलला तर वीजबिल, विमा, ओटीटीचे ऑटो-डेबिट पुन्हा जोडावे लागतात. विम्याचा हप्ता चुकला तर पॉलिसीच अडचणीत येते, म्हणून तो सगळ्यात आधी बघा.

बँक डाउनग्रेड देत नसेल तर बाकी शून्य करून कार्ड बंदच करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.