लंडनमध्ये फ्रेंचांची टिंगल बघत फिरताना

लंडनला गेलेले बहुतेक जण टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय करतात आणि त्याचंच भावंड टेट ब्रिटन राहून जातं. मी मात्र खास अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या एका चित्रासाठी टेट ब्रिटनला गेलो, ट्यूबने (लंडनची मेट्रो) पिम्लिको स्टेशन, पुढे थोडं चालत, आणि एंट्री फुकट, अजून काय पाहिजे!

चित्राचं नाव 'द गेट ऑफ कॅले', म्हणजे कॅले या फ्रेंच बंदराची वेस, साल 1748. वेशीत मधोमध एक आचारी बीफचा भलामोठा तुकडा कसाबसा पेलत चाललाय, तोही गावातल्या इंग्रज खानावळीसाठी, ढेरपोट्या पाद्री त्या चरबीला बोट लावून बघतोय, आणि फाटक्या कपड्यातले हडकुळे फ्रेंच शिपाई हातातलं पांचट सूप विसरून टकामका बघतायत. डावीकडे मागे नीट बघा, स्वतः होगार्थ स्केच काढतोय आणि त्याच्या खांद्यावर कुणाचातरी हात पडलाय. कॅलेत त्याला खरंच हेर समजून धरलं होतं, वेशीचं स्केच काढत होता म्हणून! आता वेशच का, तर तिच्यावर इंग्लंडचं राजचिन्ह तेव्हाही दिसायचं, 1558 पर्यंत कॅले इंग्रजांकडेच होतं ना. मग काय, गडी घरी आला आणि सगळा राग कॅनव्हासवर काढला, 1749 मध्ये त्याची प्रिंटही (छापील प्रत) बाजारात. सरळ सोडला असता तर चित्र एवढं खुनशी झालं नसतं असं आपलं मला वाटतं.

पण खरं सांगू, मला जास्त आवडला तो इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे. त्याचं 'फ्रेंच लिबर्टी, ब्रिटिश स्लेव्हरी' ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये बघितलं (आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, उगाच हेलपाटा नको). डिसेंबर 1792 चं, म्हणजे तिकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांती ऐन भरात. एका बाजूला चिंध्या घातलेला फ्रेंच माणूस कच्चा कांदा खात स्वातंत्र्याचे गोडवे गातोय, आणि दुसऱ्या बाजूला तट्ट फुगलेला इंग्रज समोरचं बीफ कापता कापता टॅक्सच्या नावाने बोंबलतोय. होगार्थ फक्त शेजाऱ्यावर हसतो, हा पठ्ठ्या घरच्यांनाही सोडत नाही. इंग्रजाची ती हनुवटी बघाच एकदा!

संध्याकाळी सेंट जेम्स स्ट्रीटवर चक्कर मारली. 27 नंबरला हॅना हम्फ्री बाईंचं प्रिंटचं दुकान होतं आणि गिलरे वरच राहायचा. नव्या प्रिंट खिडकीत लागल्या की बाहेर ही गर्दी, ज्यांच्या खिशाला परवडायचं नाही ते काचेतून बघून फुकटात हसून जायचे.