सध्याचे वाचन : दोन लढाया आणि एक रखडलेला देवमासा

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्या टेबलावर पाच पुस्तके अर्धवट उघडी होती. त्यांपैकी दोन मी निमूटपणे कपाटात परत ठेवली. त्यांविषयी काही लिहावे असे वाटत नाही. उरलेल्या तिघांची प्रगती येथे नोंदवतो.

जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून मी लिओ तोल्स्तोय यांची ‘वॉर अँड पीस’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचतो आहे. रोज एकच प्रकरण वाचायचे, असा नेम धरला आहे. १८६९ साली पूर्ण झालेल्या या कादंबरीत उपसंहारासह ३६१ प्रकरणे आहेत (एखाद्या अनुवादात दोनचार प्रकरणे इकडची तिकडे होतात), त्यामुळे वर्षाचा हिशेब जवळजवळ आपोआप जुळतो आणि म्हणूनच जगभरचे कितीतरी वाचक ती अशाच हप्त्यांनी वाचतात. सुरुवातीचे काही आठवडे मात्र कथेपेक्षा नावांशीच झटापट चालली होती, कारण एकच माणूस एका पानावर आडनावाने, दुसऱ्यावर पित्याच्या नावासह आणि तिसऱ्यावर लाडक्या नावाने येतो. शेवटी एका जाड कार्डावर बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव आणि कुरागिन अशी चार घराणी मांडली व तेच कार्ड खूण म्हणून पुस्तकात घातले. पासष्टाव्या प्रकरणाशी, म्हणजे नेपोलियनविरुद्धच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर पहिला खंड संपला, तेव्हा कार्डाचे कोपरे दुमडले होते. पण त्याकडे पाहण्याची गरज जवळपास संपली होती.

मे महिन्यात हा नेम अकरा दिवस मोडला. तो भरून काढण्यासाठी मी एका रविवारी सात प्रकरणे सलग वाचली आणि त्यांतले दुसऱ्या दिवशी काहीही आठवेना. त्यानंतर मागे पडलो तर मागेच राहायचे आणि रोज फार तर दोन प्रकरणे वाचून हळूहळू गाठायचे, असे ठरवले.

मग बोरोदिनो आले आणि तोही नियम मोडला. १८१२ मध्ये नेपोलियनची फ्रेंच सेना आणि रशियन सेना यांच्यात झालेल्या या लढाईची पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष रणधुमाळी मिळून २०५ ते २२५ अशी एकवीस प्रकरणे होतात. ती मी चार दिवसांत संपवली. तोल्स्तोय यांनी १८६७ मध्ये स्वतः ते रणांगण हिंडून पाहिले होते, आणि इतिहासकारांनी सैन्याची मांडणी चुकीची सांगितली आहे हे दाखवण्यासाठी कादंबरीत चक्क एक नकाशाही दिला आहे. माझ्या प्रतीत तो इतका बारीक छापला आहे की, भिंगाखालीही नदी कोणती आणि रस्ता कोणता हे कळत नाही. तरीही या भागात मला सर्वाधिक पकडून ठेवले ते पिएर बेझुखोव या पात्राने. हिरवा कोट आणि पांढरी टोपी घालून हा नागरी गृहस्थ लढाई बघायला येतो, सगळ्यांच्या वाटेत उभा राहतो, सैनिकांचा रोष ओढवून घेतो आणि थोड्याच वेळात तोफखान्यावरचे तेच सैनिक त्याला आपल्यातला मानून त्याची थट्टा करू लागतात. त्या दिवशी नोंदवहीत मी एवढेच लिहिले : ‘ज्याला लढाईतले काही कळत नाही, त्याच्याच डोळ्यांनी ती दिसते.’

हे वाक्य लिहिताना मला दुसऱ्या पुस्तकाची, विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण झाली. ते पूर्वी एकदा वाचले होते. आता मुद्दाम पुन्हा उघडले आणि दोन्ही पुस्तके आलटूनपालटून वाचू लागलो. दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघालेले हे भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडले आणि १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच होते. पिएर कल्पित आणि गोडसे भटजी खरे, हा भेद मी विसरत नाही. पण दोघेही बिगरलढवय्ये असल्यामुळे डावपेचांऐवजी माणसे, आवाज आणि वस्तू त्यांच्या ध्यानात राहतात. शहर पडल्यावर आधी सोने-चांदी आणि मग भांडीकुंडी, कपडालत्ता, धान्य अशी लूट कशी उतरत गेली, हे भटजी ज्या शांतपणे सांगतात, ती शांतता मला तोल्स्तोय यांच्या सविस्तर वर्णनापेक्षा अधिक अस्वस्थ करते. माझ्या मते या बाबतीत भटजींचेच पारडे जड आहे. तोल्स्तोय दर थोड्या पानांनी कथा थांबवून इतिहासाची मीमांसा करतात, तर भटजींना तेवढी उसंतच नाही.

हे लेखन १८८३ च्या सुमाराचे असले, तरी चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, आणि तेही बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. पहिल्या वेळी मी वैद्यांचा पाठ वाचला होता. या खेपेला पोतदारांचा वाचतो आहे. भाषा अधिक ओबडधोबड आहे, विरामचिन्हांच्या जागी श्वास घ्यावा लागतो. पण माणूस जास्त जवळून बोलतो. निम्म्याहून थोडा पुढे आलो आहे.

तिसरे पुस्तक म्हणजे हर्मन मेलव्हिल यांची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी ‘मोबी डिक’. त्याची प्रगती शून्य आहे. १३५ प्रकरणांपैकी बत्तिसाव्यावर मी दोन महिने अडकलो आहे. त्यात देवमाशांचे वर्गीकरण पुस्तकांच्या आकारांवरून, म्हणजे फोलिओ (मोठे), ऑक्टेव्हो (मध्यम) आणि ड्युओडेसिमो (लहान) असे केले आहे. पुस्तकवेड्या माणसाला ही कल्पना आवडायलाच हवी आणि मला ती आवडलीही. परंतु ऑक्टेव्होपाशी पोहोचताच दर वेळी झोप अनावर होते.

बोरोदिनो घाईने वाचल्यामुळे तोल्स्तोय यांच्या बाबतीत मी आता दिनदर्शिकेच्या सतरा दिवस पुढे आहे. तेवढे दिवस ते कार्ड २२५ व्या प्रकरणाशी तसेच राहू देणार आहे. त्या मोकळ्या संध्याकाळी झाशीहून परतीची वाट पुरी करायची, आणि जमल्यास ड्युओडेसिमोपर्यंत जागे राहायचे, असा बेत आहे.